आठ महिन्यांची मुलगी डावाच हात वापरते: लहान मेंदूची इजा खरंच भरून निघते का?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी आठ महिन्यांची, पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, जन्मताच रडली. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला राहून राहून झटके आले, आठवडाभर काचेच्या पेटीत ठेवली, औषधाने आकडी थांबली आणि तीन महिन्यांनी औषधही बंद झालं. पाचव्या महिन्यापासून ती खेळणं डाव्याच हाताने घेते, उजवी मूठ मिटलेली असते. आजी म्हणतात, पोर डावखुरी आहे. आता एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुना स्ट्रोक, म्हणजे रक्तपुरवठा अडून झालेली इजा, दिसला. एक डॉक्टर म्हणाले, "लहान मेंदू आहे, आपोआप भरून काढेल." दुसरे म्हणाले, "गेलेल्या पेशी परत येत नाहीत, कायमचं आहे." कुणी स्टेम सेलचं सुचवतंय, कुणी म्हणतंय की जन्मल्या जन्मल्या बाळाला गार करणारं मशीन असतं तर हे टळलं असतं. वडिलांनी विचारलंय: खरं कोण बोलतंय, ही बोलेल का, शाळेत मागे पडेल का, आणि वर्षाची होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात निश्चित आहे. थांबू नका. याच आठवड्यात थेरपी सुरू करा. बाकीचं सावकाश समजून घेतलं तरी चालेल.

आजींना सांगा की वर्षाच्या आतलं बाळ डावखुरं नसतं आणि उजव्या हाताचंही नसतं. निरोगी बाळ या वयात जो हात वस्तूच्या जवळ असेल तो पुढे करतं. कुठला हात आपला, हे दोन-तीन वर्षांनंतर हळूहळू ठरतं. आठव्या महिन्यात एकाच हाताला ठाम पसंती दिसली, तर त्या हाताचं कौतुक बाजूला ठेवून दुसऱ्या हातात काय कमी आहे ते तपासायचं, हा आमच्या बाह्यरुग्ण विभागातला जुना नियम आहे. तुम्ही पाचव्या महिन्यात हे टिपलंत. बरेच पालक दीड वर्षाच्या मुलाला "चालताना पाय ओढतो" म्हणून घेऊन येतात, तेव्हा हातासाठीचा सोन्यासारखा काळ मागे पडलेला असतो.

झालं काय असेल ते सांगतो. बाळंतपणाच्या सुमारास आईचं रक्त लवकर गोठण्याकडे झुकतं. अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून शरीरानेच केलेली ती सोय असते. बाळाचं रक्तही त्या दिवसांत दाट असतं. वारेत किंवा बाळाच्या नसेत एखादी छोटी गुठळी तयार होते. गर्भात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक खिडकी असते, ती जन्मानंतर लगेच पूर्ण बंद होत नाही, आणि तिच्यातून गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. डावीकडची मधली मोठी धमनी अडते, असं जास्त वेळा दिसतं. काही हजार जन्मांमागे एका बाळाला हे होतं. नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. आई ग्रहणात बाहेर गेली, प्रवास केला, पपई खाल्ली, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. घरात कुणी सुनेकडे बोट दाखवत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. पुढच्या बाळालाही असं होण्याची शक्यता फार कमी असते.

गार करण्याच्या उपचाराचा इथे विषयच येत नाही. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या बाळांसाठी तो आहे: जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास शरीराचं तापमान ३३.५ अंशांच्या आसपास ठेवायचं. तुमची मुलगी गुदमरली नव्हती. शिवाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या हेलिक्स या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि तिथे या उपचाराने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. उलट गार केलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. तेव्हा "मशीन असतं तर" ही रुखरुख मनातून काढून टाका.

मग पहिले चार महिने सगळं ठीक कसं दिसलं? कारण नवजात बाळाच्या हालचाली मेंदूच्या वरच्या थरातून चालत नाहीत. मूठ आवळणं, पाय झाडणं, चोखणं ही कामं मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग करतो, आणि तो शाबूत होता. चार-पाच महिन्यांच्या सुमारास वरच्या थरातून हाताकडे जाणारा मार्ग कारभार हातात घेऊ लागतो. बाळ ठरवून हात पुढे करतं, वस्तू पकडतं. इजा दुसऱ्या दिवशी झाली, पण ज्या कामाला ती आडवी येणार होती ते कामच पाचव्या महिन्यात सुरू झालं. लहान मेंदूच्या इजेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण पुढे शाळेच्या वयातही हेच पुन्हा घडतं.

आता दोन डॉक्टरांचा वाद. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, दोघांचंही अर्धं सांगायचं राहिलंय.

जन्माच्या वेळी मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं, आणि दोन वर्षांत ते पाऊण होतं. तुमच्या लसीकरण कार्डावर डोक्याच्या घेराचे आकडे असतील तर पाहा: जन्मताना ३४ सेंटिमीटरच्या आसपास, वर्षाला ४५-४६. पुढच्या सबंध आयुष्यात मिळून डोकं साधारण एवढंच वाढतं. ही वाढ नव्या पेशींची नसते, त्या जवळजवळ सगळ्या गर्भातच तयार होऊन आपापल्या जागी पोचलेल्या असतात. वाढतात त्या पेशींच्या फांद्या, त्यांच्यामधली जोडणी आणि तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण. बाळाचा मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवतो, वापरातल्या राखतो आणि बिनवापराच्या छाटतो. दृष्टीच्या भागात जोडण्यांची गर्दी पहिल्या वर्षातच शिगेला पोचते. कपाळामागच्या भागात, म्हणजे लक्ष, संयम आणि नियोजनाच्या जागी, छाटणी पौगंडावस्थेपर्यंत चालू राहते. पहिले डॉक्टर जी लवचिकता म्हणतात ती हीच. इजेच्या वेळी जोडण्या पक्क्या झालेल्या नसतात, म्हणून काम दुसरीकडे हलवायला वाव असतो.

या समजाला मोठा आधार मिळाला तो १९३० च्या दशकात. येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांच्या मेंदूतल्या हालचालीच्या भागाला झालेल्या इजेचा अभ्यास केला आणि पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा बरीच सावरतात असं दाखवलं. त्यावरून "जितकं वय लहान, तितकं नुकसान कमी" असा एक नियमच लोकांनी बनवला आणि त्याला केनार्ड यांचं नावही दिलं. गंमत अशी की पिल्लं वाढू लागल्यावर त्यांच्यात ताठरपणासारखे नवे दोष दिसू लागतात, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं. ते मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. १९४० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी उलट बाजू मांडली: मोठ्या माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग गेला तरी आधी शिकलेलं टिकतं, पण तीच इजा लहानपणी झाली तर शिकण्याची क्षमताच खुंटू शकते. पुढे कॅनडात ब्रायन कोल्ब यांनी उंदरांवर दाखवलं की इजा कुठल्या वयात झाली यापेक्षा त्या वेळी मेंदूत कुठलं बांधकाम चालू होतं हे महत्त्वाचं. पेशी जागेवर पोचत असतानाच्या पहिल्या दिवसांत झालेली इजा मोठ्या उंदराच्या इजेपेक्षाही वाईट ठरली, आणि जोडण्या फुटत असतानाच्या, दुसऱ्या आठवड्यातल्या इजेतून पिल्लं फार चांगली सावरली.

माणसातही हाच क्रम दिसतो. आठव्या महिन्याच्या आत जन्मलेल्या बाळात मायलिन तयार करणाऱ्या कोवळ्या पेशी सगळ्यात नाजूक असतात, म्हणून मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावतो आणि पाय जास्त अडकतात. जन्मानंतर साखर फार उतरली तर डोक्याच्या मागचा, दृष्टीचा भाग जातो. पहिल्या तासात अंगावर पाजायचं सोडून मध-पाणी चाटवत बसू नका असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो, त्याचं हेही एक कारण आहे. कावीळ फार वाढली तर खोलवरची केंद्रं आणि ऐकणं धोक्यात येतं, आणि तिथे कोवळं ऊन पुरत नाही. डोक्यावर जोराचा मार बसला तर दोन-तीन वर्षांच्या आतली मुलं मोठ्या मुलांपेक्षा कमी सावरतात. तिथे लहान वय उलट अंगावर येतं. तेव्हा "लहान आहे, भरून निघेल" हे वाक्य ऐकलं की विचारायचं: कुठली इजा, कुठे, किती मोठी, आणि केव्हाची?

तुमच्या मुलीच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं बरीच बरी आहेत. इजा एकाच बाजूला आहे, पूर्ण दिवसांची आहे, दुसरी बाजू निरोगी आहे. अशा बाळांची भाषा आणि हात हे दोन विषय मात्र मी वेगवेगळे ठेवतो, कारण त्यांची गणितं वेगळी आहेत.

बोलेल का? होय. मोठ्या माणसाला डाव्या बाजूचा असाच मोठा स्ट्रोक झाला तर वाचा जाते. नवजात बाळात भाषेचं काम बऱ्याचदा उजव्या बाजूकडे, तिथल्या त्याच जोडीच्या भागात जातं. एलिसा न्यूपोर्ट यांच्या गटाने वॉशिंग्टनमध्ये जन्माच्या सुमारास डाव्या बाजूचा स्ट्रोक झालेली किशोरवयीन आणि तरुण मुलं तपासली, आणि तो अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यांची भाषा उजवीकडे वसलेली होती आणि वाक्य समजण्यात ती आपल्या निरोगी भावंडांच्या तोडीची होती. त्याआधी सॅन दिएगोच्या एलिझाबेथ बेट्स आणि जोन स्टाइल्स यांनी अशा बाळांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला होता. पहिले शब्द उशिरा येतात, इजा कुठल्याही बाजूला असो, आणि पाच ते सात वर्षांपर्यंत रोजचं बोलणं बहुतेकांचं सर्वसाधारण होतं. म्हणून दीड वर्षाला शब्द कमी असतील तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि वाचा उपचारतज्ज्ञांना दाखवा.

या स्थलांतराला किंमत मात्र असते. दोन खोल्यांच्या घरात चार माणसांची सोय झाली तरी कुणाला तरी कोपऱ्यात निजावं लागतं. उजवी बाजू मुळात जागा, आकार, नकाशा असली कामं करते. तिथे भाषा राहायला आली की यांतली काही कामं थोडी दबतात. मुलं छान बोलतात आणि भूमितीत, चित्र उतरवण्यात, वहीत आकडे एकाखाली एक मांडण्यात अडखळतात. शिक्षकांना मग वाटतं की पोरगी आळशी आहे.

हाताचं काम असं सहज दुसरीकडे जात नाही. जन्माच्या वेळी मेंदूच्या प्रत्येक बाजूकडून दोन्ही हातांकडे तंतू गेलेले असतात. पहिल्या दीड-दोन वर्षांत विरुद्ध बाजूचे मजबूत होतात आणि त्याच बाजूचे मागे हटतात. कोण टिकणार हे वापरावर ठरतं. न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांच्या गटाने दाखवलं की एका बाजूचा स्ट्रोक झालेल्या काही बाळांमध्ये दुखावलेल्या बाजूचा मार्ग सुरुवातीला प्रतिसाद देत असतो, पण निरोगी बाजूच्या तंतूंशी स्पर्धेत तो पुढच्या महिन्यांत हरत जातो. तिरळ्या डोळ्याचं ज्यांनी ऐकलं असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल: एक डोळा वापरात नसला तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. ह्यूबेल आणि वीजेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून हे १९६० च्या दशकात सिद्ध केलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डोळ्यासाठी आपण चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतो. हातासाठीही तेच करतात, आणि म्हणूनच मी थांबू नका म्हणतो.

पद्धत अशी. दिवसातून अर्धा तास, बाळ झोप आणि दूध होऊन खुशीत असताना, डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि उजव्या हाताला जमेल असा खेळ मांडायचा. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत अॅन-क्रिस्टिन एलियासन यांनी वर्षाच्या आतल्या बाळांसाठी याचा कार्यक्रम बसवला: रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे, मग सहा आठवडे विश्रांती आणि पुन्हा सहा आठवडे. पालकांनी घरीच करायचा, थेरपिस्टने दर आठवड्याला येऊन मार्ग दाखवायचा. महागडी खेळणी नकोत. स्टीलची वाटी आणि चमचा, कागदाचा चुरचुरणारा गोळा, खडबडीत काथ्याची दोरी, चिकटपट्टीचा तुकडा, गुळाचं बोट. वस्तू आधी मनगटाजवळ नेऊन स्पर्श द्या, मूठ उघडण्याची वाट पाहा, ओढून उघडू नका. उरलेल्या दिवसात दोन्ही हात लागतील असे खेळ द्या, मोठा चेंडू, डबा आणि झाकण. मोजा दिवसभर ठेवू नका. डावा हातही शिकतोय, त्याचीही ही वर्षं आहेत. आणि मुलगी रडायला लागली तर मोजा काढा. रडण्यात कुठलाच मेंदू शिकत नाही.

किती सुधारेल? एमआरआय वाचणाऱ्यांना एक नेमका प्रश्न विचारा: इजा फक्त वरच्या थरात आहे की इंटर्नल कॅप्सूलपर्यंत गेली आहे? हातापायाकडे जाणारे तंतू तिथून एका जुडग्यात खाली उतरतात. ते वाचलं असेल तर हात बऱ्यापैकी येतो. ते गेलं असेल तर उजवा हात मदतनीस म्हणून राहतो, वस्तू धरून ठेवतो, पण बारीक काम डावाच करतो. चालेल का, हे वडिलांनी विचारलेलं नाही, पण मनात असणारच. मेंदूच्या अशा इजेमुळे हालचालींत जो दोष राहतो त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, आणि एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीतली जवळजवळ सगळी मुलं स्वतःच्या पायांवर चालतात, बहुतेक दोन वर्षांच्या आत-बाहेर. उजवी टाच वर राहायला लागली तर पोटरी ताणण्याचे व्यायाम आणि पायाचा ब्रेस वेळेवर लागेल. चाकांचा वॉकर आणला असेल तर तो माळ्यावर टाका.

दुसऱ्या डॉक्टरांचं "कायमचं" इथे समजून घेता येईल. एमआरआयमधली ती पोकळी भरणार नाही, हे खरं. पण मुलगी काय करू शकेल हे त्या पोकळीवरून एकट्याने ठरत नाही.

आता ज्याची मला जास्त काळजी असते ते. मुलगी दोन वर्षांची होते, चालते, बोलते, घरचे म्हणतात देव पावला, आणि तपासण्या थांबतात. मग तिसरी-चौथीत गणितात घसरण होते. ही नवी इजा नसते. कपाळामागच्या भागाला काम नेमून मिळतं तेच त्या वयात. एका जागी बसणं, तीन सूचना डोक्यात धरणं, उदाहरणाच्या पायऱ्या लावणं. पाचव्या महिन्यात हाताचं जे झालं तेच इथे आठ-नऊ वर्षांनी होतं. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा, दुसरी-तिसरीच्या सुमारास एकदा आणि माध्यमिक शाळेत जाताना एकदा मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यायची. अशी अनेक मुलं साध्या शाळेत शिकतात, पदवीधर होतात. थोडा जास्त वेळ आणि ओळखणारा शिक्षक एवढं पुरतं.

सगळ्यात मोठी आडकाठी आकडीची असते. नवजात वयातली थांबली तरी पुढे कधीही नवी सुरू होऊ शकते, आणि अशा मुलांमध्ये नियंत्रणात न राहणारी आकडी बुद्धीवर स्ट्रोकपेक्षा जास्त परिणाम करते. या वयात एक प्रकार फसवा असतो: झोपेतून उठल्यावर बाळ दचकल्यासारखं करतं, मान खाली जाते, हात पसरतात, आणि असं लागोपाठ दहा-वीस वेळा. घरी पोटात वात धरला म्हणतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

डोळेही तपासा. डाव्या बाजूच्या मोठ्या इजेत उजवीकडचं अर्धं दृश्य कधी कधी दिसत नाही. खेळणं मागून हळूच उजव्या बाजूने पुढे आणा आणि ती केव्हा वळते ते बघा.

स्टेम सेलबद्दल थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांपलीकडे हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देऊ नये, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. लाखभर रुपये मागणारा माणूस उपचार विकतोय, चाचणी करत नाहीये. शेत गहाण ठेवून हे केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मेंदूची टॉनिकं आणि बुद्धिवर्धक सिरपं यांवरही खर्च नको. तोच पैसा थेरपीला जाण्या-येण्याच्या एसटीला लागेल.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवर त्वरित हस्तक्षेप केंद्रं असतात, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान आणि डोळ्यांची तपासणी एकाच छताखाली मोफत मिळणं अपेक्षित आहे. केंद्रागणिक माणसं कमीजास्त असतात, हे तुम्हाला जाऊन कळेलच. तरी नोंदणी करा, कारण पुढे ब्रेस, प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती यांची कागदपत्रं तिथूनच निघतात. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका चिठ्ठी देतील. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळ नसेल तर महिन्यातून एकदा सांगली-मिरजेला जाऊन घरी करायचा पुढचा कार्यक्रम लिहून घ्या आणि मधल्या काळात व्हिडिओ पाठवत राहा. रोजचा अर्धा तास तुमचाच असणार आहे.

जाताना बाळंतपणाचं कार्ड, काचेच्या पेटीतल्या दिवसांचा डिस्चार्ज कागद आणि एमआरआयची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि आकडी आली होती म्हणून लसी थांबवल्या असतील, तर नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून राहिलेल्या पूर्ण करा. या स्ट्रोकमुळे लस बंद करण्याचं कारण नाही.